आमच्या ऑर्केस्ट्रात फुगडीच्या बायका

मी संगमनेरला एका शाळेत संगीत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. आपल्याकडे ज्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात तोच हा. दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, गिटार, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि मध्ये मध्ये विनोद सांगणारा एक निवेदक. जुनी हिंदी गाणी, चार लावण्या, गणपतीत भक्तिगीतं. हा ऑर्केस्ट्रा माझ्या नवऱ्याने उभा केला होता. ढोलकी आणि ऑक्टोपॅड हेच वाजवायचे. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात एका दुपारी जेवून खुर्चीत टेकले आणि तिथेच गेले. मी आत भांडी आवरत होते.

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल कुणी विचारलं तर माझ्यापाशी सांगण्यासारखं फारसं नाही. रडू आलं नाही. झोप लागायची. ताट समोर आलं की जेवायचे. बँकेत गेले, दाखला आणला, गॅसचं कार्ड स्वतःच्या नावावर करून घेतलं. एकदा कुकरच्या झाकणाला मनगट टेकलं, त्याचा फोड आलेला मला शाळेतून परत आल्यावर दिसला. तेराव्यानंतर आठवड्याभरात लोणीच्या एका लग्नाच्या रिसेप्शनला मी वाजवायला गेले. बायका आपसात म्हणाल्या, धीराची आहे. त्यात धीराचं काही नव्हतं. व्हायोलिन हनुवटीखाली धरलं की हात चालायचे, आणि हात चालतात तोवर मला कुणी काही विचारत नसे, एवढंच.

ऑर्केस्ट्रा पुढे आमच्या कीबोर्डवाल्याने चालवायला घेतला. पस्तिशीचा आहे. ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला, मला वहिनी म्हणतो. दुसरा ढोलकीवाला त्याला मनासारखा मिळाला नाही, म्हणून ताल लॅपटॉपवरून यायला लागला. ह्यांच्या जागी एक टेबल आणि त्यावर लॅपटॉप. पहिल्या कार्यक्रमाला त्याने माझ्याकडे दोन-तीनदा पाहिलं. मी मान हलवली. मला खरंच काही वाटलं नव्हतं.

जानेवारीत त्याच्याकडे शेजारच्या अकोले गावातल्या एका कला महोत्सवाचं बोलावणं आलं. आयोजकांची अट होती की शहरातला ऑर्केस्ट्रा आणि डोंगरातले आदिवासी कलाकार एकाच मंचावर हवेत, एकच गाणं दोघांनी मिळून सादर करायचं. कलाकार त्यांनीच सुचवले होते. राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटातलं एक गाव, तिथल्या महादेव कोळी बायकांची फुगडी आणि सोबत दोन ढोलवाले.

एका रविवारी आम्ही दोघं गाडीने वर गेलो. भाताची खाचरं कापून झालेली, नुसती खुंटं उभी होती. शाळेच्या पटांगणात सात बायका आणि दोन बाप्ये आमची वाट बघत बसले होते. त्यांच्यातली एक बुटकी, सडसडीत, कासोट्याचं लुगडं नेसलेली बाई माझ्याच वयाची असावी. गाणं तीच धरायची. बाकीच्या तिला आक्का म्हणत होत्या, म्हणून मीही आक्काच म्हणायला लागले.

तिने आधी माझ्या हातातल्या व्हायोलिनच्या पेटीकडे पाहिलं, मग कपाळाकडे.

"मालक?" तिने विचारलं.

"गेले."

"कवा?"

"सप्टेंबरात. पितृपक्षाच्या थोडं आधी."

"बरं," ती म्हणाली आणि सतरंजीवर थोडी सरकून तिने मला जागा करून दिली. गेल्या चार महिन्यांत मला भेटलेल्या प्रत्येकाने या ठिकाणी काहीतरी वाक्य म्हटलं होतं. तिने म्हटलं नाही. मी बसले.

मग त्यांनी गाणं म्हटलं. दोघी एक ओळ टाकतात, बाकीच्या ती उचलतात, गोल फिरतात, कमरेत वाकतात, टाळी देतात आणि परत उठतात. सासरी नव्याने आलेली पोर पाणवठ्याची वाट विसरते आणि येईल त्याला वाट विचारते, असं ते गाणं होतं. प्रत्येक फेरीला त्यांची लय वाढायची आणि लयीबरोबर सूरही चढायचा. काळी चार पट्टीत सुरू झालेलं गाणं शेवटाला काळी पाचच्याही वर गेलं होतं. आमच्या कीबोर्डवाल्याने मांडीवर छोटा कीबोर्ड घेतला होता. तो पट्टी बदलत बदलत त्यांच्या मागे धावत होता आणि दरवेळी अर्ध्या सुराने मागे पडत होता. शेवटी त्याने हात उचलले आणि हसला.

"वहिनी, यांची पट्टी रबराची आहे."

मी व्हायोलिन काढलं होतं. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट सरकवलं की सूर सरकतो, तेव्हा त्या जिथे जातील तिथे मला जाता येत होतं. मी गेले. त्यात काही मोठं नव्हतं, शाळेत बेसूर पोरांच्या मागेही मी अशीच जाते. गाणं संपल्यावर आक्का जवळ आली, वाकून माझी डाव्या हाताची बोटं बघितली आणि ढोलवाल्यांना म्हणाली, "ह्ये चालतंय बरं का आपल्यासंगं."

कार्यक्रमाच्या आधी तीन दिवस ती सगळी मंडळी सरावाला संगमनेरला आली. बाप्यांची सोय शाळेच्या हॉलमध्ये केली आणि बायका माझ्याकडे राहिल्या. माझं घर दोन खोल्यांचं आणि एक हॉल. सात जणींनी हॉलमध्ये अंथरुणं टाकली. मला वाटलं होतं, घरात इतकी माणसं आली की काहीतरी हलेल. तसं झालं नाही. पण घरात भाकरीचा वास होता आणि मोरीवर सतत कुणीतरी होतं. त्यांनी मला स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. एकीने ह्यांच्या फोटोवरची धूळ पदराने पुसली. आक्काने भिंतीवरची ढोलकी काढून घेतली, तिच्यावर दोन बोटं मारली, "ढिली पडली," म्हणाली आणि जशी होती तशी टांगून ठेवली.

सराव शाळेच्या संगीताच्या खोलीत होता. अडचण पहिल्या तासातच कळली. बायका गोल फिरतात, वाकतात, त्यांचं तोंड कधी भिंतीकडे तर कधी जमिनीकडे. माईक ठेवायचा कुठे? कीबोर्डवाल्याने तो वरून टांगून बघितला, दोघींच्या पदराला छोटे माईक लावून बघितले. पदराच्या माईकवर टाळ्यांचा फटका बसायचा, टांगलेल्यावर पायांचा आवाज यायचा. आणि सूर चढणं काही थांबेना. तो दर दहा मिनिटांनी त्यांना सांगायचा, "मावशी, इथंच थांबायचं, वर नाही जायचं." आक्का मान डोलवायची आणि दोन फेऱ्यांनी गाणं परत वर जायचं.

"आमी जात न्हाई," ती म्हणाली. "ते आपसूक जातंय."

तो वैतागला होता, पण त्याने आवाज चढवला नाही. तो वाईट माणूस नाही. ह्यांच्या मागे ऑर्केस्ट्रा टिकतो की नाही याच्या काळजीने त्याचं वजन उतरलं होतं. लोक आता डीजे लावतात. मोठ्या मंचावरचं बोलावणं वर्षातून एखादं येतं, त्यात फसलो तर पुढचं येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, सरावासाठी एकदा रेकॉर्ड करून घेऊ. बायकांना माईकसमोर एका रांगेत उभं केलं. फिरायचं नाही, वाकायचं नाही, टाळी नाही, पायातले वाळे वाजतात म्हणून तेही काढून ठेवायचे. त्या उभ्या राहून गायल्या. सुरुवातीला जमेना. एकीला ओळच आठवेना. वाकलं की ती ओळ येते, उभ्याने येत नाही, असं ती म्हणाली आणि सगळ्याजणी हसल्या. आक्काचा पाय तरी ओळीच्या शेवटी जमिनीवर आपटायचाच. पाच-सहा वेळा घेतल्यावर एक त्याला पसंत पडलं.

दुपारी बायका जेवायला घरी गेल्या. मी खोलीला कुलूप लावायला थांबले होते. तो लॅपटॉपवर काम करत होता. पडद्यावर त्यांच्या आवाजाची एक रेघ होती, ती वर वर चढत गेली होती. त्याने काहीतरी केलं आणि रेघ आडवी, सपाट झाली. मग त्याने मला ऐकवलं. गाणं काळी चारला सुरू झालं आणि काळी चारलाच संपलं. खाली बासरी, तबला, गिटार आणि सरावात वाजवलेलं माझं व्हायोलिन. ऐकायला छान होतं.

"वहिनी, कार्यक्रमात हेच लावतो," तो म्हणाला. "स्टेजवर वारा असतो, यांचा आवाज पाच रांगांच्या पुढं जायचा नाही. त्या नुसत्या नाचतील. आत्ता सांगायला नको, उगीच बुजतील. ऐन वेळी आपोआप जमेल."

मी म्हणाले, "बरं."

एवढंच म्हणाले. मला पुढे अनेकदा वाटलं की तेव्हा माझ्या मनात काहीतरी आलं असेल, नको म्हणावंसं वाटलं असेल. मी आठवून पाहिलं. तसं काही आलं नव्हतं. त्याने विचारलं, मी बरं म्हणाले, खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेले. घरी आक्काने मला वाढलं. वाढताना तिने विचारलं, "आता तिथं माईकवर गायचं, तवा पायातलं काढायचं का ठिवायचं?"

"ठेवा," मी म्हणाले.

"फिरायचं ना पण?"

"हो. फिरायचं."

माझ्या तोंडचा प्रत्येक शब्द खरा होता.

कार्यक्रम अकोल्यात मैदानावर होता, दुपारी चारला. मंडप चांगला भरला होता. मंचाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीचे स्पीकर उभे होते. आधी आमची चार गाणी झाली. मग निवेदकाने डोंगर, मातीचा सुगंध आणि संस्कृतींचा संगम असं पुष्कळ बोलून घेतलं, आणि बायका मंचावर आल्या. सगळ्यांनी हिरवी लुगडी नेसली होती, केसांत शेवंती होती. समोर दोन माईक उभे होते. ते बंद आहेत हे मला माहीत होतं.

ढोल सुरू झाला. लॅपटॉपवरची बासरी आली, मी माझा तुकडा वाजवला. आक्काने पहिली ओळ टाकली, आणि त्याच वेळी स्पीकरमधून तिचीच ओळ आली. किंचित पुढे होती आणि खूप मोठी. मागच्या दोन पोरींना वाटलं, आवाज घुमतोय. त्या हसल्या. आक्काने दुसरी ओळ अजून जोर लावून टाकली. तिच्या मानेच्या शिरा मला बाजूने दिसत होत्या. पण फेरीबरोबर तिचा सूर चढायला लागला आणि स्पीकरमधला चढला नाही. दोन्ही आवाज एकमेकांना घासायला लागले. लय वाढवायला गेल्या तर ढोल त्यांच्याबरोबर जाई आणि लॅपटॉप मागे राही.

तिसऱ्या फेरीत वाकलेली आक्का सरळ झाली आणि उभी राहिली. तिच्या मागची बाई तिच्यावर आदळली. गोल मोडला. एकेक करून सगळ्याजणी थांबल्या, ढोलवाले थांबले. गाणं मात्र चालूच होतं. सात बायका तोंड मिटून उभ्या आणि त्यांचा आवाज मैदानभर. आक्का वळली आणि तिने त्या उंच काळ्या स्पीकरकडे पाहिलं. घरातून कुणी हाक मारली की आपण बघतो तसं ती बघत होती.

मी वाजवत होते. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, इथेही सांगते. मी थांबले नाही. माझा गज शेवटच्या ओळीपर्यंत चालला. गाणं संपलं, निवेदकाने टाळ्यांचं आवाहन केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका गोंधळल्या असतील, पहिल्यांदा एवढा मोठा मंच, असं आयोजकांपैकी एकजण माझ्याच जवळ उभा राहून म्हणाला.

मंचामागे बायका जीपपाशी उभ्या होत्या. नारळ आणि शाली तशाच एका खुर्चीवर राहिल्या होत्या. मी गेले तेव्हा बाकीच्यांनी मान फिरवली. आक्काने फिरवली नाही.

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"कवापासनं?"

"परवापासून. रेकॉर्डिंग झालं तेव्हापासून."

"मंग तू बोलली का न्हाईस? तुज्या घरी जेवलो आमी. तुला इचारलं मी."

कारण म्हणून सांगावं किंवा लपवावं असं माझ्या आत काही नव्हतंच. तिने माझा चेहरा निरखला. राग होता, पण त्याबरोबर ती काहीतरी शोधतही असावी. मग ती जीपमध्ये चढली आणि जीप गेली. मी परत जाऊन व्हायोलिन पेटीत ठेवलं, गजाला राळ लावली, जी वाजवून झाल्यावर कुणी लावत नाही.

एप्रिलमध्ये संगमनेरच्या जवळच एका समारंभात आम्हाला बोलावलं होतं. सकाळची वेळ. यादीत तेच गाणं होतं. मी कीबोर्डवाल्याला विचारलं, "त्या बायका येणार आहेत?"

"नाही वहिनी. कॉलेजच्या मुली नाचणार. ट्रॅक आहेच आपल्याकडे."

मी तेव्हाही बरं म्हणाले असेन. मुली आल्या. भाड्याची लुगडी, हातावर पेनाने काढलेलं गोंदण, डोक्याला पिसं. डोक्याला पिसं त्या बायकांनी कधी लावलेली मी पाहिली नव्हती. गाणं लागलं, मुली ओठ हलवत नाचायला लागल्या. चांगल्या नाचत होत्या. मीही वाजवत होते. एका ओळीच्या शेवटी मला तबल्याखाली एक बारीक धप्प ऐकू आलं. पुढच्या ओळीला परत. आक्काचा पाय. त्याने सगळं काढून टाकलं होतं, सूर सपाट केला होता, पण तो आवाज राहून गेला होता. माझ्या शाळेच्या फरशीवर तिने आपटलेला पाय.

माझा गज थांबला. मी थांबवला असं म्हणता येणार नाही. हात खाली आला आणि मी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. गाणं चालू राहिलं. व्हायोलिन बंद पडलं हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, व्हायोलिनही ट्रॅकमध्ये होतंच.

पुढच्या रविवारी मी एसटीने राजूरला गेले आणि तिथून काळी-पिवळीने वर. आक्का दारात हिरडा वाळत घालत होती. मला बघून ती उठली नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि झालं ते सांगितलं. मुली नाचल्या, पिसं लावली होती, तुमचा आवाज होता, हे गाणं आता पुढेही असंच लागत राहणार. सांगताना माझा आवाज शाळेत हजेरी घेताना असतो तसाच होता.

तिने हिरडा पसरत पसरत ऐकलं.

"पोरी कशा नाचल्या?" तिने विचारलं.

"बऱ्या नाचल्या."

"वाकत हुत्या का?"

"थोड्या."

"थोडं वाकून न्हाई भागत." तिने आणखी एक मूठ हिरडा पसरला. मग म्हणाली, "नाचू द्या. पोरी हायेत, नाचत्याल. पन त्यांनी गावं की. त्यांना गळा न्हाई का? आमी हितं हिरडा गोळा करायचा आन तिकडं आमचा गळा कुनाच्याबी तोंडात." तिने हात झटकले. "तू आज ह्ये सांगायला आलीस?"

"हो."

"तवा का न्हाई सांगितलंस, त्याचं काय?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "हे गेल्यापासून मला काही कळत नाही. काही दुखतसुद्धा नाही. पण ते कारण नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

"व्हय," ती म्हणाली. "पाह्यजे हुतं."

तिने मला माफ केलं असं नाही. आत जाऊन कोरा चहा घेऊन आली आणि मी पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिली. मी उठले तेव्हा म्हणाली, "त्याचं घर दाव मला. गुरुवारी येते मी."

गुरुवारी ती एकटीच एसटीने आली. मी शाळेतून अर्धी रजा काढली आणि स्टँडवरून तिला रिक्षाने घेऊन गेले. कीबोर्डवाला घरीच होता. आम्हा दोघींना दारात बघून तो चपापला, खुर्च्या पुढे केल्या. आक्का खुर्चीवर बसली नाही. दारातल्या पायरीवर बसली.

"आमचा आवाज पुस," ती म्हणाली.

त्याने समजावून सांगितलं. वारा, माईक, लोकांना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवं. ह्यांनी उभा केलेला ऑर्केस्ट्रा बंद पडू द्यायचा नव्हता, म्हणाला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले, आणि माझ्याकडे बघून तो म्हणाला, "वहिनी, दादा असते तर मला हे करावं लागलं नसतं." मी त्याच्याकडे बघत होते. त्याला ह्यांच्यासाठी रडू येतं हे मला पहिल्यांदा कळलं. मला हेवा वाटला.

आक्काने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"तुजी अडचन खरी हाय," ती म्हणाली. "पन तू इचारलं असतंस तर मी न्हाई म्हनले असते, आन तुला ते ठावं हुतं. म्हनून इचारलं न्हाईस. आता पुस."

"मावशी, अजून दोघा-तिघांकडे गेलंय ते. मी पुसून काय होणार?"

"त्यांचं त्ये. तू तुज्या हातानं पुस."

तो माझ्याकडे बघायला लागला. त्या घरात गेल्यापासून मी एक शब्दही बोलले नव्हते. मी म्हणाले, "पूस. आणि ज्यांना दिलंस त्यांना फोन कर." मोठ्याने म्हणाले असेन, कारण आतून त्याची बायको बाहेर आली.

त्याने लॅपटॉप आणला, पायरीवर तिच्याशेजारी बसला आणि तिला दाखवून दाखवून पुसलं. शेवटचं बटण दाबण्याआधी त्याने विचारलं, "एकदा ऐकायचंय?" ती नको म्हणाली. मग त्याने आमच्यासमोर दोन फोन केले. तिसरा लागला नाही.

स्टँडवर गाडीला वेळ होता. आक्काने घरच्यांसाठी भेळ बांधून घेतली आणि आम्ही बाकावर बसलो. गाडी लागल्यावर खिडकीतून म्हणाली, "तुजं त्ये वाजतं त्ये बरं हाय. आमच्यासंगं चालतंय." तिने हे आधीही म्हटलं होतं, हे तिला आठवत असेल की नाही कोण जाणे.

नंतर काय झालं, तर फार काही झालं नाही. तो तिसरा माणूस अजूनही कुठे कुठे ते गाणं लावत असावा. कीबोर्डवाला महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला, मग पूर्ववत झाला. ह्यांचं वर्षश्राद्ध झालं, आमची मुलगी पुण्याहून आली, रडली, परत गेली. मी नाही रडले.

दिवाळीनंतर राजूरच्या बाजूला एका शाळेच्या समारंभाचं बोलावणं आलं, तेव्हा कीबोर्डवाल्याने आपणहून आक्काला फोन केला. फोनवर बराच वेळ तो नुसता "हो, हो" म्हणत होता. तिने सांगितलेलं सगळं त्याने केलं. लॅपटॉप बंद. बायकांच्या गोलाच्या मधोमध जमिनीवर दोन माईक उताणे ठेवले. कीबोर्ड आणि गिटार फक्त सुरुवातीला, गाणं चढायला लागलं की दोन्ही थांबणार. मग ढोल आणि व्हायोलिन.

दुपारचं ऊन होतं. त्याला भीती होती तसंच झालं, मागच्या लोकांना नीट ऐकू गेलं नाही. तिकडची पोरं उठून भेळेच्या गाडीकडे गेली. पुढे बसलेल्या गावातल्या बायका मात्र पुढे सरकल्या, एक-दोघी बसल्या जागी ओळ उचलायला लागल्या. सूर चढत गेला. मी बोट सरकवत त्यांच्या मागे गेले. एका फेरीत मीच अर्धी मात्रा मागे पडले, आक्काने वाकलेल्या मानेने माझ्याकडे एक तिरका कटाक्ष टाकला आणि मी पुढच्या ओळीत तिला गाठलं.

टाळ्या बेताच्याच पडल्या. कीबोर्डवाला केबल गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "वहिनी, हे मोठ्या मैदानावर चालणार नाही." मीही म्हणाले, नाही चालणार. ते खरंच होतं.

बायका एका झाडाखाली बसून पाय चोळत होत्या. आक्काने मला सरकून जागा करून दिली नाही, कारण जागा होतीच. मी बसले. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला तारेने रेघ पडली होती आणि ती चुरचुरत होती. मी बोट तोंडात धरलं. एकीने डबा उघडला, नागलीची भाकरी आणि ठेचा होता. ठेचा तिखट होता. डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं होतं. आक्का म्हणाली, "पानी पी," आणि तांब्या माझ्याकडे सरकवला.